पंखा बदलायचा की पॅनल लावायचे? इंदूरच्या घरासाठी वीजबचतीचा खरा हिशेब

दुकानात फाइव्ह स्टारचा एसी दाखवताना विक्रेता एक आकडा सांगतो, सोलरवाला दुसरा सांगतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिसराच फिरत असतो. तिन्ही खोटे असतातच असे नाही, पण ते तुमच्या घराचे नसतात. एकच वस्तू सुदामा नगरच्या एका घरात तीन वर्षांत वसूल होते आणि शेजारच्या घरात पंधरा वर्षांतही होत नाही. त्यामुळे खरेदीआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: तुमच्या शेवटच्या युनिटची किंमत, वस्तूचे वॅट आणि ती वर्षात खरोखर किती तास चालते.

शेवटच्या युनिटची किंमत अशी काढा

बिलाला युनिटने भागून येणारी सरासरी इथे कामाची नाही. बचत होते ती वरच्या टप्प्यातली, आणि वरचा टप्पा महाग असतो. उन्हाळ्याचे एक आणि हिवाळ्याचे एक अशी दोन बिले घ्या. रकमांतला फरक भागिले युनिटांतला फरक. समजा मे महिन्यात ३४० युनिट आणि फेब्रुवारीत १९० युनिट आले, आणि रकमेत १,२०० रुपयांचा फरक पडला, तर १५० युनिटांना १,२०० म्हणजे युनिटला आठ रुपये. दरपत्रकात सहा-सात रुपये दिसत असताना आठ कसे झाले? कारण मध्य प्रदेशात नियत प्रभारही (बिलातला स्थिर आकार) वापराबरोबर वाढतो आणि विद्युत शुल्क त्यावर चढते. जुनी थकबाकी किंवा दंड असलेले बिल मात्र या हिशेबात घेऊ नका. दोन्ही बिले एकाच दरपत्रकाच्या काळातली असावीत. पुढचे सगळे हिशेब आठ रुपये धरून केले आहेत. तुमचा आकडा वेगळा आला तर तो घाला.

आता इथली खास गोष्ट. राज्य सरकारच्या इंदिरा गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात. १५० ओलांडले की सवलत पूर्ण जाते, नुसती वरच्या युनिटांची नव्हे. म्हणजे १५१ वे युनिट पाचशेहून जास्त रुपयांना पडते. महिन्याला १६० ते १८० युनिटांत घुटमळणाऱ्या घराला वीस-तीस युनिट कमी करण्याइतका फायद्याचा सौदा दुसरा नाही. मोजणी रीडिंगच्या दिवसांप्रमाणे होते, साधारण रोज पाच युनिट धरा. दर आठवड्याला मीटर पाहा. ३५ च्या वर गेला की त्याच आठवड्यात आवरते घ्या. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या ऊर्जस अ‍ॅपवर रोजचा वापर दिसतो. नियम बदलत राहतात, म्हणून बिलातली सब्सिडीची ओळ दर महिन्याला नजरेखालून घालायची. स्मार्ट मीटरवाल्यांनी दिवसाच्या वापराची सूट वेगळ्या ओळीत येते का तेही पाहावे. येत असेल तर वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची मोटर दुपारी चालवा.

आधी मोजा

खर्च न करता करायचे पहिले काम रात्रीचे आहे. सगळे दिवे-पंखे बंद करा, फ्रिजचे बटण दहा मिनिटांपुरते बंद करा, बाकी घर रोज झोपताना असते तसे राहू द्या. आता मीटरवरचा लाल दिवा पाहा. मीटरवर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट झाले. दोन लुकलुक्यांमध्ये १५ सेकंद जात असतील तर तासाला २४० लुकलुके. ३२०० च्या मीटरवर हे झाले ७५ वॅट. कोणी काही वापरत नसताना ७५ वॅट म्हणजे महिन्याला ५४ युनिट! दीडशेच्या मर्यादेतला एक तृतीयांश इथेच संपला.

हे जाते कुठे? सेट-टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही ८-१० वॅट ओढतो. राउटर तेवढेच. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असली तरी चार्जर थोडे ओढत राहतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की जास्त ओढतो. बॅटरीत पाणी वारंवार कमी होत असेल आणि ती हाताला कोमट लागत असेल तर संशय तिथेच घ्या. इंदूरमध्ये आता लाईट फार जात नाही, तेव्हा संपलेल्या बॅटरीच्या जागी तशीच मोठी नवी घेण्याआधी तिची गरज किती उरली आहे ते तपासा. मोबाईलचा रिकामा चार्जर मात्र उगाच बदनाम आहे. वर्षभर लावून ठेवला तरी एक-दोन युनिट.

फ्रिज, गिझर, टीव्ही यांच्यासाठी पाचशे ते हजार रुपयांचा प्लगमध्ये बसणारा वीजमापक मिळतो. तीन-चार घरांनी मिळून एक घ्यावा. फ्रिजला किमान पूर्ण एक दिवस लावा, कारण काँप्रेसर चालू-बंद होत असतो आणि तासाभराच्या मापावरून काहीच कळत नाही. गिझरला लावताना मापक १६ अँपिअरचा आहे याची खात्री करा. हलका लावला तर प्लास्टिक वितळते.

पंखे आणि दिवे

साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (ब्रशविना, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) २८ ते ३२. फरक ४५ वॅटचा. बेडरूमचा पंखा दिवसाला दहा तास आणि वर्षात नऊ महिने चालला तर २,७०० तास, म्हणजे १२० युनिट, सुमारे ९६० रुपये. नवा पंखा २,८०० चा धरला तर बसवण्याच्या मजुरीसह तीन वर्षांत पैसे निघतात. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावला आणि रोज दोन तासच फिरला तर पंधरा वर्षे लागतील. तोवर त्याचे सर्किट तरी टिकते की नाही कोण जाणे. म्हणून घरातले सगळे पंखे एकदम बदलायचे नसतात. सर्वांत जास्त चालणारे दोन बदला, बाकीचे जळतील तेव्हा. जळल्यावर तर तुलना फक्त साध्या आणि बीएलडीसीच्या किमतीतल्या हजार-बाराशे रुपयांशी करायची, आणि ती दीड वर्षात संपते.

एक बारकावा जाहिरातीत नसतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर तीन नंबरला चालणारा जुना पंखा ७५ नव्हे, ४० वॅटच्या आसपास घेतो. रात्रभर तीनवरच पंखा ठेवणाऱ्या घराची बचत म्हणूनच एक तृतीयांशाने तरी कमी धरा. उलट जुना डबड्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तो वीज उष्णतेत घालवतो. असा रेग्युलेटर बदलायला दोनशे-तीनशे रुपये लागतात, आणि कित्येक घरांत एवढेच पुरते.

बीएलडीसी लावताना वायरमनला जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायला सांगा. रेग्युलेटर तसाच राहिला तर पंखा गुरगुरतो, अडखळतो आणि वर्षभरात सर्किट जाते. सर्किटचीच वॉरंटी किती वर्षांची, ते वेगळे विचारा; बऱ्याचदा मोटरला लांब आणि सर्किटला छोटी असते.

दिव्यांचा विषय लवकर संपतो. जुनी ट्यूब तिच्या तांब्याच्या चोकसह ५० वॅट घेते, एलईडी २० वॅट. रोज पाच तास चालणाऱ्या जागी वर्षाला ५५ युनिट वाचतात, म्हणजे वर्षाच्या आत वसूल. माळ्यावरचा किंवा कोठीतला दिवा आहे तसाच राहू द्या.

कूलर, एसी आणि गच्ची

माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मे मध्ये चाळिशी ओलांडली तरी रात्र उतरते. अशा हवेत कूलर नीट चालतो आणि १५०-२०० वॅटमध्ये भागते. रात्रीचे दहा तास धरा: कूलर पावणेदोन-दोन युनिट, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मे महिन्यात सात-आठ. रोज सहा युनिटांचा, म्हणजे पन्नास रुपयांचा फरक.

पण कूलर वीज वाचवतो तो पाणी खर्चून. दीड टनाइतका गारवा द्यायला तासाला सुमारे आठ लिटर पाणी उडवावे लागते. रात्रीचे ८०, आणि टाकीत साचणारे क्षार जावेत म्हणून थोडे पाणी काढून टाकायचे, असे मिळून १०० लिटर. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. टँकर मागवावा लागला आणि लिटरला १५ पैसे पडले तरी रात्रीचे पंधरा रुपये. तरी कूलर पुढेच राहतो. बोअरचे जड पाणी वापरले तर मात्र पॅडवर पांढरा थर बसतो, वारा अडतो, पंप घसघसायला लागतो. गवती पॅड दर मोसमात बदला. हनीकोंब पॅड तीनेक वर्षे जातो, पण बोअरच्या पाण्यावर तितका टिकत नाही. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा आणि टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डास होतात.

कूलर लावून खिडक्या बंद करणे ही नेहमीची चूक. आत आलेली दमट हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी हवी. जूनच्या मध्यात हवा ओली झाली की कूलरचे काम संपते, तेव्हा पॅड कोरडे ठेवून नुसता पंखा चालवा.

एसी घ्यायचाच असेल तर तीन स्टार की पाच? लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांसाठी असतात. दीड टनाच्या तीन आणि पाच स्टारमध्ये त्या तासांत साधारण २२५ युनिटांचा फरक पडतो, म्हणजे तासाला ०.१४ युनिट. इंदूरच्या बेडरूममध्ये एसी सत्तर दिवस, रोज सहा तास चालतो. बचत साठेक युनिट, पावणेपाचशे रुपये. किमतीतला फरक आठ हजार. सोळा-सतरा वर्षे कोण थांबणार? अशा घराला तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी पुरतो. घरातून काम करणारे, दिवसभर एसी लावणारे, त्यांना पाच स्टार सहा वर्षांत परवडतो. खरेदीच्या वेळी स्टार मोजू नका, लेबलवरचे युनिट वाचा आणि लेबल कोणत्या काळाचे आहे ते पाहा. निकष कडक झाले की जुना पाच स्टार नव्या चारात किंवा तीनात बसतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एसीच्या आधी गच्ची पाहावी. सिमेंटची काळवंडलेली गच्ची ऊन पिते आणि रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत सोडत राहते. मार्चअखेर गच्ची घासून धुवा. हजार चौरस फुटांना साधारण २५ किलो चुना रात्रभर भिजवून गाळा, त्यात किलोभर फेविकॉल मिसळा आणि संध्याकाळी दोन हात मारा. भर उन्हात मारला तर पापुद्रे निघतात. खोली दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, हरकत नाही, हिवाळ्यात गच्ची तापलेलीच बरी. परावर्तक रंग काही वर्षे टिकतो, पण चौरस फुटाला वीस-तीस रुपये लागतात आणि धूळ बसली की त्याचाही गुण उतरतो. वर्षातून दोनदा झाडून धुणार असाल तरच घ्या.

गरम पाणी

इथे सोलर हीटरचा मोह आवरावा. एका माणसाला २० लिटर पाणी २० वरून ४० अंशांवर न्यायला ०.४७ युनिट लागतात. चार माणसांचे रोज १.९. खरी थंडी चार महिने, म्हणजे मोसमात २२५ युनिट, १,८०० रुपये. नळजोडणीसह तीस हजारांचा सोलर हीटर त्यातून वसूल व्हायला सोळा वर्षे हवीत, आणि बोअरचे पाणी त्याच्या नळ्यांत क्षार धरते ते वेगळेच. बारा महिने गरम पाण्याने आंघोळ करणारे आठ-दहा माणसांचे घर असेल तर गोष्ट निराळी.

गिझरचा थर्मोस्टॅट ६५ वरून ५० वर आणा आणि आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावा. दिवसभर चालू ठेवलेला गिझर पाणी न वापरताही रोज अर्धा-पाऊण युनिट खातो. रॉड जास्त वीज खातो हा समज चुकीचा आहे. पाणी तापवायला लागणारी उष्णता तीच असते. रॉड सोडायचा तो शॉकच्या भीतीने.

सोलर पॅनल: कोणाला, किती

इंदूरमध्ये एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतो; मार्च ते मे मध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये खूपच कमी. पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान मिळते, कमाल ७८,०००. ते मागाहून खात्यात येते, सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घराला तीन किलोवॅट बरोबर बसतात: वर्षाला ४,३०० च्या आसपास युनिट. पावणेदोन-दोन लाखांतून अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख, आणि वर्षाला तीस हजारांच्या आसपास बचत. चार वर्षे. २२० युनिटांच्या घराने दोन किलोवॅटवर थांबावे, कारण वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव किरकोळ असतो. आणि दीडशेच्या आत राहणाऱ्या घराने? त्याचे वर्षाचे बिल पाच हजारांच्याही आत असते; चाळीस हजार घालून ते शून्यही होत नाही, नियत प्रभार उरतोच. सोलरवाला हे सांगणार नाही. आठ-दहा वर्षांनी सोलरचा इन्व्हर्टर बदलायला पंचवीस ते चाळीस हजार लागतील, तेही आजच धरून ठेवा.

करार करण्याआधी सावली मोजा. २१ डिसेंबरच्या आसपास इंदूरला भर दुपारी कोणत्याही वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी पडते, सकाळी साडेनऊला दुप्पट. पाण्याची टाकी स्टँडसह दोन मीटर उंच असेल तर तिच्या उत्तरेला, वायव्येला आणि ईशान्येला चार मीटरपर्यंत पॅनल नको. एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली त्या रांगेतल्या बाकीच्यांनाही मागे ओढते. उन्हाळ्यात पाहणी करून गेलेल्या माणसाला ही सावली दिसलेलीच नसते.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या: अनुदानाला लागणारे देशी सेलचे पॅनल आणि त्यांचे अनुक्रमांक, गरम जस्तलेपाचे स्ट्रक्चर, पॅनलकडची डीसी बाजू, घराकडची एसी (आलटत्या प्रवाहाची) बाजू आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक यांना तीन वेगळी अर्थिंग. स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकू देऊ नका. गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात छत गळते. डीसी तारांचे जोड एकाच कंपनीचे हवेत. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची असेल तर जोड सैल बसतो, तापतो आणि जळतो. पॅनल पहाटे धुवा, नर्मदेच्या पाण्याने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते आणि बोअरच्या पाण्याचे डाग बसतात. लाईट गेली की बिनबॅटरीची सोलर यंत्रणाही बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.

गॅस आणि गाडी

इंडक्शन परवडते का, याचा झटपट हिशेब: सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागा, कारण १४.२ किलोच्या सिलिंडरचे काम इंडक्शनवर सुमारे १३० युनिटांत होते. सिलिंडर ८८० ला असेल तर उत्तर पावणेसात. तुमचे शेवटचे युनिट त्याहून महाग असेल तर गॅसच स्वस्त. पॅनल लावलेले असून युनिट उरत असतील तर उलट.

इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३० वॅट-तास घेते. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे १५ युनिट, १२० रुपये. त्याच अंतराला पेट्रोल साडेदहा लिटर, अकराशेच्या वर. किमतीत तीस हजारांचा फरक असेल तर अडीच वर्षे. पण ही १५ युनिटे तुम्हाला दीडशेच्या पलीकडे ढकलत असतील तर निम्मी बचत तिथेच जाते, तेव्हा स्कूटरसोबत बेडरूमचा पंखाही बदला. रोज आठ किलोमीटरच चालणाऱ्याने आहे ती गाडी चालवावी.

पर्यावरणाचा वेगळा रकाना

आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. पैशांच्या शेजारी हा रकाना मांडला की क्रम बदलतो. आधी हिशेब केलेल्या बेडरूमसाठी तीनऐवजी पाच स्टार एसी घेतला तर दहा वर्षांत सव्वातीन हजार रुपये पदरचे जाऊन ४०० किलो वाचतात, किलोला आठ रुपये. आता फ्लशची टाकी पाहा. टाकीत निळीचे थेंब टाका. पंधरा मिनिटांत भांड्यात निळे पाणी उतरले तर वॉशर गेला. अशी टाकी रोज १०० लिटर सहज घालवते. इंदूरचे पाणी सत्तर किलोमीटरवरच्या, नर्मदाकाठच्या जलूदहून, चारशे मीटर चढवून येते. हजार लिटरला नुसत्या चढाईचे दीड युनिट तरी लागतात. म्हणूनच महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. वर्षाला ५५ युनिट तुमची टाकी गळून जातात आणि तुमच्या लाईट बिलात त्याचा मागमूस नसतो. वॉशर दीडशे रुपयांचा. पहिल्याच वर्षी किलोला चार रुपये, पुढे फुकट.

जुना फ्रिज बदलताना हा रकाना आणखी उपयोगी पडतो. आधी दाराच्या रबरात नोट धरून ओढा. सहज निघाली तर हजार रुपयांत रबर बदला आणि पुन्हा दिवसभर मापक लावा. रोज दोन युनिटांहून जास्त येत असेल आणि नव्याच्या लेबलवर वर्षाला २०० युनिट असतील तर बदलणे योग्य. वर्षाला ५३० युनिट, चार हजार रुपये वाचतात. मात्र जुना फ्रिज गच्चीवरच्या खोलीत ‘थंड पाण्यापुरता’ सुरू राहिला तर वाचलेले काहीच नाही. तो दारावरच्या भंगारवाल्यालाही देऊ नका. तांब्यासाठी तो नळी कापतो आणि गॅस हवेत जातो. त्या पिढीच्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१३४ए असतो. दीडशे ग्रॅम सुटला तर दोनशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे नव्या फ्रिजची सहा-सात महिन्यांची बचत एका फटक्यात गेली. एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे, आणि नेणाऱ्याला नळी न कापता फ्रिज उभाच न्यायला सांगा.